दिवाणखान्यातली बिऱ्हाडे : डब्लिनमधील एका घराचे दोन पाठ

एखाद्या जुन्या इमारतीपुढे उभा राहिलेला वास्तुविशारद विचारतो, हे कसे बांधले? इतिहासकार विचारतो, हे कोणी आणि केव्हा बांधले? ज्याला ग्रंथांच्या पाठभेदांची सवय आहे, त्याच्या मनात आणखी एक प्रश्न येतो : मूळ रचनेवर पुढे कोणी काय लिहिले, आणि आज आपल्यासमोर आहे तो पाठ कोणाचा? काही इमारतींना हा तिसरा प्रश्न विचारल्यावाचून त्यांचा अर्थच लागत नाही. आयर्लंडच्या राजधानीतील, डब्लिनमधील, १४ हेन्रिएटा स्ट्रीट हे घर अशांपैकी एक आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास एका उमराव कुटुंबासाठी सजलेल्या या घरात १९११ च्या शिरगणतीच्या वेळी शंभर माणसे राहत होती. ऱ्हासाची कहाणी म्हणून हे नेहमी सांगितले जाते : एकेकाळी येथे वैभव होते, मग दारिद्र्य आले. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. उमरावाच्या घराची बिऱ्हाडांची इमारत झाली ती केवळ दारिद्र्यामुळे नव्हे. त्या घराच्या रचनेतच तशी सोय होती. आणि जे त्या रचनेत मुळीच नव्हते, त्याची किंमत नंतर राहायला आलेल्यांनी मोजली. ती किंमत नेमकी कोणती, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम दोन-तीन शब्दांचा खुलासा करणे आवश्यक वाटते. १७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर जॉर्ज नावाचे चार राजे लागोपाठ आले. त्या काळातील वास्तुशैलीस जॉर्जियन म्हणतात. 'टेरेस' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गच्ची येते. येथे तो अर्थ नाही. शेजाऱ्याशी सामाईक भिंत धरून एका रेषेत उभ्या असलेल्या घरांच्या रांगेस टेरेस म्हणतात. 'टेनेमेंट'साठी 'चाळ' हा प्रतिशब्द सहज सुचतो, पण तो फसवा आहे. मुंबईची चाळ बहुधा चाळ म्हणूनच बांधली गेली : ओळीने खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, मजुराचे कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून केलेली आखणी. डब्लिनमधील ज्या टेनेमेंट घरांविषयी आपण बोलत आहोत, ती तशी कोणी आखलीच नव्हती. तुलना करायचीच तर पुण्याच्या पेठांतील ज्या वाड्यांच्या सोप्यांत आणि माजघरांत पुढे भाडेकऱ्यांची बिऱ्हाडे आली, त्या वाड्यांशी करावी लागेल.

आता घराचा पहिला पाठ. ल्यूक गार्डिनर हा डब्लिनमधील एक धनाढ्य सावकार आणि जमीनमालक. लिफी नदीच्या उत्तरेस त्याने जमीन मिळवली आणि १७२० च्या दशकात हेन्रिएटा स्ट्रीटची आखणी सुरू केली. डब्लिनमधील जॉर्जियन रस्त्यांच्या परंपरेचा आरंभ या रस्त्यापासून मानला जातो. आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचे सर्वोच्च धर्माधिकारी येथे राहत. ९ क्रमांकाचे घर एडवर्ड लव्हेट पिअर्स या त्या काळच्या अग्रगण्य आयरिश वास्तुविशारदाचे. १३, १४ आणि १५ ही तीन घरे गार्डिनरने १७४० च्या दशकाच्या अखेरीस एका रांगेत उभारली. १४ मध्ये प्रथम राहायला आले रिचर्ड, तिसरे व्हायकाउंट मोल्सवर्थ. आयर्लंडमधील ब्रिटिश सैन्याचे प्रमुख म्हणून ते प्रसिद्ध होते.

या घराचा दर्शनी भाग जवळजवळ अबोल आहे. साध्या विटांची सपाट भिंत, तिच्यात ठरावीक अंतराने वर-खाली सरकणाऱ्या तावदानांच्या खिडक्या, आणि दरवाजा. जॉर्जियन टेरेसचे हे एक वैशिष्ट्यच होय. रस्त्यावरून दिसते ती शिस्त आणि प्रमाणबद्धता. संपत्ती दिसते ती आत. त्यातही प्रमाणाची एक भाषा आहे. पहिल्या मजल्याच्या खिडक्या उंच, वर जावे तशा त्या आखूड होत जातात. ज्याला ही भाषा येते त्याला रस्त्यावर उभे राहूनच कळते की घराचा मानाचा मजला पहिला आहे, आणि सर्वांत वर, आखूड खिडक्यांमागे, मुले आणि नोकरचाकर राहतात.

आतली वाटणीही अशीच उतरंडीची. तळघरात स्वयंपाकघर आणि कोठ्या. तळमजल्यावर भोजनाची आणि रोजच्या बैठकीची दालने. तेथून भव्य जिना पहिल्या मजल्यावरील दिवाणखान्यांत नेई. समारंभ तेथे होत. त्याच्या वर शयनगृहे. भिंतींवर आणि छतांवर चुन्याच्या गिलाव्यातील नक्षीकाम, खोल्यांत संगमरवरी चौकटीच्या फायरप्लेस. मुख्य जिन्याखेरीज मागच्या बाजूस एक अरुंद जिना असे. पहिला जिना पाहुण्यांनी चढायचा, दुसरा नोकरांनी. आणि दुसऱ्यावरून चढणाऱ्याने पहिल्यावरील माणसाच्या दृष्टीस शक्यतो पडू नये, अशी एकूण योजना. भव्य जिन्याला घरातील सर्वांत मोठी जागा दिली गेली, कारण तो केवळ वर जाण्याचा मार्ग नव्हता. त्यावरून चढताना पाहुण्याला यजमानाची पायरी कळावी, हे त्याचे खरे काम होते.

हा पाठ फार काळ टिकला नाही. १८०० च्या युनियन कायद्याने डब्लिनमधील आयरिश संसद बरखास्त झाली आणि १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडचा कारभार लंडनहून सुरू झाला. संसदेच्या अधिवेशनासाठी राजधानीत घर ठेवण्याचे उमरावांना कारण उरले नाही. तत्पूर्वीच प्रतिष्ठितांची वस्ती नदीच्या दक्षिणेकडे सरकू लागली होती. पुढे मध्यमवर्गही शहराच्या हद्दीबाहेर राथमाइन्स, पेम्ब्रोक यांसारख्या स्वतंत्र उपनगरांत गेला. त्या उपनगरांच्या नगरपालिका निराळ्या असल्यामुळे त्यांचा कर शहराच्या तिजोरीत येत नसे. याच काळात हेन्रिएटा स्ट्रीटच्या टोकाशी जेम्स गँडनच्या आराखड्यानुसार किंग्ज इन्स ही वकिलांची संस्था उभी राहिली आणि काही काळ या रस्त्यावर उमरावांची जागा वकिलांनी घेतली.

१४ क्रमांकाच्या घराला या संक्रमणात एक विलक्षण भूमिका मिळाली. १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळानंतर कर्जात बुडालेल्या जमीनदाऱ्या विकण्यासाठी १८४९ च्या कायद्याने एक विशेष न्यायालय स्थापन झाले. त्या न्यायालयाचा कारभार १८५० च्या दशकात याच घरातून चालला. ज्या वर्गासाठी हा रस्ता आखला गेला, त्या वर्गाच्या मालमत्तांचा लिलाव त्याच रस्त्यावरील दालनांत व्हावा, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला अतिरेकी म्हटले असते. न्यायालयानंतर घर काही वर्षे सैनिकांच्या वापरात होते.

दुसरा पाठ लिहिला तो टॉमस व्हान्स या घरमालकाने. १८७७ साली त्याने हे घर घेतले आणि त्यात १९ बिऱ्हाडे काढली. कोणी एका खोलीचे, कोणी तीन, कोणी चार खोल्यांचे. त्यासाठी त्याने जो पहिला मोठा बदल केला, तो आम्हांला फार बोलका वाटतो : त्याने भव्य जिना काढून टाकला. जिन्याच्या मोकळ्या जागेत मजले घालून तेथेही खोल्या केल्या. हिशेब सरळ होता. दर आठवड्याला भाडे देणाऱ्या खोल्यांच्या घरात, केवळ कोणाची पायरी दाखवण्यासाठी दोन मजल्यांची पोकळी राखणे परवडणारे नव्हते. सर्व रहिवासी आता मागच्या, नोकरांच्या जिन्याने ये-जा करू लागले. घराचा सामाजिक इतिहास एका वाक्यात सांगायचा तर तो असा सांगता येईल : पुढचा जिना गेला, मागचा राहिला.

येथे व्हान्सविषयी न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. त्याने दिलेल्या जाहिरातीत प्रतिष्ठित कुटुंबांना आवाहन होते. नुकताच रंग आणि भिंतींना कागद, गॅस, जिन्याच्या टप्प्यांवर शौचकूप, विक्लोच्या डोंगरांतून आणलेले व्हार्ट्रीचे शुद्ध पाणी, कपडे वाळत घालायला अंगण, आणि प्रत्येक भाडेकऱ्यास भट्टीची चूल, अशा सोयींची त्यात यादी होती. त्या काळच्या मानाने ही व्यवस्था वाईट नव्हती. म्हणजे टेनेमेंट हा आरंभापासूनच उकिरडा होता, असे नाही. तो एक व्यवसाय होता, आणि आरंभी बऱ्यापैकी दर्जाचाही होता. दर्जा घसरला तो पुढे, खोल्या अधिकाधिक विभागल्या गेल्या तेव्हा. १९११ साली या एका रस्त्यावर साडेआठशेच्या वर माणसे राहत होती. १४ क्रमांकात टोप्या शिवणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या, लाकडाला पॉलिश करणारे, पुस्तकबांधणी करणारे असे कारागीर होते. त्यांतील काहींचे काम राहत्या खोलीतच चालत असावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोठी, जुनी घरे जगभर आहेत. मग डब्लिनची जॉर्जियन घरेच एवढ्या सहजतेने बिऱ्हाडांत का विभागली गेली? मागणीचे उत्तर अर्थव्यवस्थेत आहे. बेलफास्टसारखा मोठा उद्योग डब्लिनमध्ये नव्हता. काम होते ते गोदीवर, गाड्यांवर, रोजंदारीचे, अनिश्चित. अशा मजुराला कामाच्या जवळ, आठवड्याच्या भाड्याने मिळणारी खोली हवी होती. परंतु पुरवठ्याचे उत्तर स्थापत्यात आहे. जॉर्जियन घरातील बहुतेक प्रत्येक खोलीला स्वतःची फायरप्लेस असते आणि तिचे धुरांडे सामाईक भिंतीतून वर जाते. थंड प्रदेशात एका खोलीला 'घर' व्हायचे असेल तर पहिली अट हीच : तिच्यात विस्तव असला पाहिजे. ऊब आणि स्वयंपाक दोन्ही त्यावर. जॉर्जियन घराने प्रत्येक खोलीला विस्तव दिला होता, तो उमरावाच्या सुखासाठी. त्याच विस्तवामुळे दर खोलीस एक चूल मांडता आली. भिंत पाडावी लागली नाही, नवे धुरांडे बांधावे लागले नाही. दार बंद केले की बिऱ्हाड तयार.

प्रकाशाचेही तसेच. दिवाणखान्याच्या उंच खिडक्यांमुळे पाच-सात माणसांच्या खोलीतही दिवसा उजेड असे. पण त्याच खिडक्यांमुळे आणि उंच छतामुळे ती खोली कधी नीट तापत नसे. दिवाणखान्याची उंची समारंभासाठी होती. कोळशाची एक बादली पुरवून वापरणाऱ्या बाईसाठी ती नव्हती.

आणि आता जे रचनेत नव्हते त्याविषयी. अठराव्या शतकातील या घरांना आपल्या अर्थाने नळ नव्हते, सांडपाण्याची वाहिनी वरच्या मजल्यांपर्यंत नव्हती. तरीही उमरावाच्या शयनगृहात सकाळी गरम पाणी असे आणि घाण दृष्टीआड होई. हे कसे घडे? माणसांमुळे. पाणी वर नेणारी, राख खाली आणणारी, मैला वाहून नेणारी मोलकरीण हीच त्या घराची पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची यंत्रणा होती. मागचा जिना म्हणजे त्या यंत्रणेची नळी. उमराव गेला तेव्हा त्याच्याबरोबर ही माणसेही गेली; आणि घरातून एक संपूर्ण यंत्रणा काढून नेली गेली, जी नकाशावर कधी दिसलीच नव्हती. व्हान्ससारख्या मालकाने टप्प्यांवर शौचकूप बसवले, पण शहरातील बहुसंख्य टेनेमेंट घरांत परसात एक नळ आणि एक-दोन संडास, एवढेच असे. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली बाई तेच पाणी, त्याच मागच्या जिन्याने, स्वतःच वाहू लागली. फरक इतकाच की मोलकरणीला त्याचा पगार मिळे, आणि हिला त्याच जिन्याचे भाडे द्यावे लागे. जॉर्जियन प्रमाणबद्धतेची प्रशंसा वाचताना हा हिशेब आम्हांला विसरता येत नाही.

दुरुस्तीची कथा याहून गंभीर आहे. या घरांच्या विटांच्या भिंतींत लाकडी तुळया रोवलेल्या असतात. छपराच्या पन्हळी साफ राहिल्या तर ही रचना शतकानुशतके टिकते. त्या तुंबल्या तर पाणी भिंतीत उतरते, तुळईची टोके कुजतात आणि मजला आधार सोडतो. जमीन एकाची, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा दुसऱ्याचा, त्याखाली पोटभाडेकरू तिसरा, अशी मालकीची साखळी असल्यामुळे पन्हळ साफ करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरवणे कठीण होई. मालकांच्या यादीत खुद्द शहराच्या महापालिकेचे काही सदस्यही होते.

२ सप्टेंबर १९१३ रोजी चर्च स्ट्रीटवरील दोन टेनेमेंट घरे कोसळली आणि ७ माणसे मेली. शहरात त्या वेळी मालकांनी हजारो कामगारांना कामावरून दूर ठेवलेला तो प्रसिद्ध संघर्ष सुरू होता. दुर्घटनेनंतर सरकारने चौकशी समिती नेमली. १९१४ च्या तिच्या अहवालातील आकडे आजही अस्वस्थ करतात. ५,३२२ टेनेमेंट घरांत ८७,३०५ माणसे राहत होती. २०,१०८ कुटुंबे प्रत्येकी एका खोलीत होती. समितीने घरांचे तीन वर्ग केले. तिसरा वर्ग माणसाच्या वस्तीला अयोग्य आणि दुरुस्तीपलीकडच्या घरांचा. त्या वर्गात २२,७०१ माणसे राहत होती. विटांच्या त्या देखण्या, अबोल भिंतींमागे हे सारे होते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही घरे प्रथम भेटतात ती बहुधा पुस्तकांतून, आणि तेथेही ती नीट वाचावी लागतात. जेम्स जॉइसच्या १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डब्लिनर्स' या संग्रहातील 'अ लिटल क्लाउड' या कथेचा नायक किंग्ज इन्समधील आपल्या कचेरीतून बाहेर पडतो आणि हेन्रिएटा स्ट्रीटवरून चालत जातो. रस्त्यावर मुलांची गर्दी आहे, दोन्ही बाजूंस गतवैभवाची घरे आहेत. कवी होण्याची स्वप्ने पाहणारा हा माणूस त्या मुलांची दखल घेत नाही, आणि त्या घरांच्या इतिहासाचाही त्याला स्पर्श होत नाही. जॉइसने त्याला नेमक्या याच रस्त्यावरून नेले. घराचे दोन्ही पाठ समोर उघडे असताना दोन्ही न वाचणारा हा वाचक आहे. त्याच्या काव्यशक्तीविषयी लेखकाचे मत आपल्याला तेथेच कळते.

शॉन ओ'केसीचे उदाहरण याच्या उलट. 'द शॅडो ऑफ अ गनमॅन' (१९२३), 'जूनो अँड द पेकॉक' (१९२४) आणि 'द प्लाउ अँड द स्टार्स' (१९२६) ही डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये प्रथम सादर झालेली त्याची तीन नाटके टेनेमेंटमध्ये घडतात. तिसऱ्या नाटकातील क्लिदरो दांपत्याचे घर म्हणजे एका जुन्या जॉर्जियन इमारतीतील पुढचा आणि मागचा दिवाणखाना, असे रंगसूचनेतच सांगितले आहे. खोल्यांची जुनी नावे भाडेकऱ्यांच्या तोंडी तशीच राहिली होती, हे येथे लक्षात घ्यावे. पडदा उघडतो तेव्हा या बिऱ्हाडाच्या दाराला नवे कुलूप बसवले जात आहे. शेजारणींना ते कुलूप म्हणजे शिष्टपणा वाटतो. नोरा क्लिदरोला आपला संसार इतरांच्या वर्दळीपासून वेगळा हवा आहे. आणि ज्या घराचा पुढचा दरवाजा रात्रंदिवस उघडाच असतो, त्या घरात वेगळेपणाची सीमा खोलीच्या दारावरच आखावी लागते. नाटकाचा पुढचा सारा प्रवास हे कुलूप किती निरुपयोगी आहे, हे दाखवतो : बंड, गोळीबार, क्षयरोग, शेजाऱ्याचा राग आणि शेजाऱ्याची माया, काहीच दाराबाहेर राहत नाही. रंगमंचावरील या दाराचे मूळ घराच्या आराखड्यात आहे. ज्या दिवाणखान्याचे दार पाहुण्यांसाठी उघडे राहावे म्हणून बसवले गेले, ते बंद ठेवण्याची धडपड हा ओ'केसीच्या नाटकाचा एक विषय आहे.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो, तो पॅट्रिक गेडिस यांच्यामुळे. एडिंबरोच्या जुन्या भागातील उंच टेनेमेंट इमारतींत ते १८८० च्या दशकात सहकुटुंब राहायला गेले होते आणि ती घरे न पाडता सुधारण्याचे काम त्यांनी तेथे केले होते. १९१३ च्या डब्लिन चौकशीपुढे त्यांनी साक्ष दिली. १९१४ च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या नागरिकशास्त्र प्रदर्शनात भाग घेतला. आणि त्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. मुंबई इलाख्यातील शहरांविषयी त्यांनी अहवाल लिहिले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विषयांचे ते पहिले प्राध्यापक झाले. गोविंद सदाशिव घुर्ये यांची समाजशास्त्राच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याकरिता निवड झाली, ती गेडिस यांच्या शिफारशीने. जुनी वस्ती सरसकट भुईसपाट करू नये. जे कुजले आहे तेवढेच काढावे, अंगण मोकळे करावे, आणि राहत्या माणसांना उठवू नये, हा त्यांचा आग्रह होता. डब्लिनच्या गल्ल्यांत जो प्रश्न त्यांना दिसला, तोच दाट वस्तीच्या हिंदी शहरांत त्यांना पुन्हा भेटला. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार मंडळासमोरही पाडावे की सुधारावे हा वाद होताच.

डब्लिनमध्ये अखेर काय झाले? १९२२ साली आयर्लंडचा बराच भाग स्वतंत्र झाला. मारिनो, क्रमलिन, काब्रा येथे नवी वसाहत झाली. १९३२ ते १९४८ या काळात शहराचे गृहनिर्माण वास्तुविशारद हर्बर्ट सिम्स यांनी मध्यवर्ती भागातही चांगल्या सदनिका उभारल्या. तरी टेनेमेंट संपल्या नाहीत. जून १९६३ मध्ये, हेन्रिएटा स्ट्रीट ज्या बोल्टन स्ट्रीटला मिळतो तेथे, एक जुने घर कोसळून दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांतच फेनियन स्ट्रीटवरील पडझडीत दोन लहान मुली मेल्या. भीतीपोटी महापालिकेने धोकादायक घरे वेगाने रिकामी करवली आणि शेकडो पाडली. कुटुंबांना घाईने शहराच्या कडेला हलवण्यात आले. १९६० च्या दशकातील बालीमुनचे उंच मनोरे या घाईतून आले. तेही पुढे १० वर्षांहून थोड्या अधिक काळात, २०१५ पर्यंत, पाडले गेले.

या पाडापाडीविरुद्ध आवाज उठला तोही एका पाठाच्या बाजूने. आयरिश जॉर्जियन सोसायटी १९५८ साली स्थापन झाली आणि तिने अनेक सुंदर इमारती वाचवल्या, हे तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु तेव्हाच्या चर्चेत जतन करायचे ते अठरावे शतक, असेच बहुधा गृहीत होते : गिलाव्यातले नक्षीकाम, प्रमाण, जिने. दुसऱ्या बाजूला स्वतंत्र आयर्लंडमध्ये अनेकांना ही घरे परक्या सत्तेच्या खुणा वाटत होत्या. त्यांच्या पडण्याचे दुःख मानण्याचे त्यांना कारण दिसत नव्हते. म्हणजे पहिला पाठ नकोसा होता, कारण तो राज्यकर्त्यांचा. आणि दुसरा पाठ नकोसा होता, कारण तो दारिद्र्याचा. ज्या घरात दोन्ही लाजा एकत्र नांदत होत्या, त्याला वाचवण्याचा आग्रह धरणारा सापडणे कठीण होते.

१४ क्रमांकातील शेवटची बिऱ्हाडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस गेली. घर रिकामे झाले आणि खचू लागले. २००० साली शहर परिषदेने ते सक्तीने ताब्यात घेतले. दीर्घ दुरुस्तीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ते संग्रहालय म्हणून खुले झाले. दुरुस्ती करणाऱ्यांपुढे संपादकाचाच प्रश्न होता. भिंतींवरील टेनेमेंट काळातील थर खरवडून १७४० च्या दशकातील शुद्ध रूप बाहेर काढायचे की थर तसेच ठेवायचे? त्यांनी दुसरा मार्ग घेतला. गिलाव्याचे नक्षीकाम जपले, आणि त्याबरोबर भाडेकऱ्यांचे भिंतीचे कागद आणि लिनोलियमचे तुकडेही जपले. येथे राहून गेलेल्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि त्या आधारे बिऱ्हाडाची खोली पुन्हा उभी केली.

या निर्णयामागील न्याय आकड्यांतच आहे. उमरावांचे घर म्हणून ही वास्तू १७४० च्या दशकाच्या अखेरीपासून १८०० च्या आसपासपर्यंत, म्हणजे सुमारे ५० वर्षे नांदली. बिऱ्हाडांचे घर म्हणून ती १८७७ पासून १०० वर्षे नांदली. कालावधी दुप्पट, आणि माणसे कितीतरी पट. ज्या वाचकांनी एखादा ग्रंथ सर्वाधिक काळ हाताळला, त्यांच्या समासातील टिपा पुसून 'मूळ' प्रत सिद्ध करणे, हे सुसंस्कृतपणाचे काम म्हणता येणार नाही.

याला एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. दारिद्र्य काचेमागे ठेवणे हाही एक प्रकारचा शृंगार नव्हे काय? ज्या ओल्या भिंतींनी मुलांना क्षय दिला, त्यांच्या रंगाचे पापुद्रे आज हळुवारपणे जपायचे, यात विसंगती नाही काय? आहे, आणि ती संपूर्ण सुटेल असे आम्हांला वाटत नाही. मात्र या ठिकाणी ती सुसह्य होते, कारण येथे राहिलेल्या माणसांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टी त्या खोल्यांबरोबर ठेवल्या आहेत. आणि त्या गोष्टींत केवळ हाल नाहीत. शेजार आहे, सणवार आहेत, स्वच्छतेचा कडवा अभिमान आहे. दारिद्र्याचे दर्शन घडवणे आणि दरिद्री माणसाला बोलू देणे यांतील फरक ओ'केसीच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

डब्लिनच्या टेनेमेंट घरांतील सामाईक जिन्याच्या आणि वाटेच्या भिंतींना खालच्या भागात तांबडा आणि वर निळा रंग देण्याची रीत होती. १४ क्रमांकातही तो रंग सापडला आणि ठेवला गेला. तांबडा रंग म्हणजे आपला गेरू. निळा म्हणजे रेकिट कंपनीची कपड्यांना घालायची नीळ. पांढऱ्या कपड्यांसाठी तीच नीळ महाराष्ट्रातील घराघरांत अनेक पिढ्यांनी वापरली. हे दोन्ही स्वस्त रंग अठराव्या शतकातील गिलाव्यावर चढलेले आहेत, आणि खालचा गिलावा वरच्या रंगामुळे कमी खरा ठरत नाही, वरचा रंग खालच्या गिलाव्यामुळे कमी मोलाचा ठरत नाही. जुन्या घरांपुढे 'मूळ रूपात पुनर्स्थापना' अशी पाटी जेव्हा आपण वाचतो, तेव्हा एवढे तरी विचारावे : कोणाचे मूळ, आणि ते दिसावे म्हणून कोणाची भिंत खरवडली गेली?